हँडलवरचा मुनीम

सायकल चालवणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, ‘किती किलोमीटर झाले?’ आणि दुसरा, ‘कशाला?’ दुसऱ्याचं उत्तर मी पंधरा वर्षं शोधतो आहे. पहिल्याचं उत्तर यंत्र देतं. हे यंत्र गेल्या काही वर्षांत आमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांनी बदललं. चाकाच्या आऱ्यावर चुंबक लावून अंतर मोजणारा छोटा मीटर गेला आणि उपग्रहांकडून ठावठिकाणा घेणारा जीपीएस संगणक हँडलवर येऊन बसला. या बदलाने आमचं काय झालं, तेवढंच आज सांगणार आहे. आमचं म्हणजे साताऱ्यातल्या आठ-दहा जणांच्या कंपूचं. त्यात सर्वांत धाकटा अठ्ठावीस वर्षांचा, सर्वांत थोरले त्रेसष्ट वर्षांचे निवृत्त हेडमास्तर. मी मधला. बँकेत नोकरी करतो आणि कविता लिहितो. यांपैकी कोणत्याही कामाला सायकल लागत नाही.

माझे अब्बा कापडाच्या गाठी सायकलवर बांधून साताऱ्याहून वाईला जात. पस्तीस किलोमीटरचा रस्ता. रस्त्याकडेचे दगड होते, पण घरी सांगताना अब्बा दगड मोजत नसत. ‘पाचवडच्या फाट्यापर्यंत तीन विड्या, पुढं दोन,’ असा त्यांचा हिशेब. समोरून वारा असला की विडी लवकर संपे आणि सायकल हळू चाले, म्हणून त्या दिवशी अंतर वाढायचं. मला हे माप मोठं शास्त्रीय वाटतं. त्यात वारा धरलेला असे. आजच्या माझ्या महागड्या यंत्रात तो नाही.

अंतर मोजायची हौस मात्र जुनी आहे. १८९५च्या सुमारास अमेरिकेत हार्टफर्ड गावी कर्टिस व्हीडर नावाच्या गृहस्थाने सायकलच्या पुढच्या चाकाशी बसणारा लहानसा मीटर काढला. आऱ्याला लावलेली खुंटी प्रत्येक फेऱ्याला मीटरच्या चक्राला टिचकी मारायची आणि आकडा सरकायचा. पुढे १९८०च्या दशकात जपानच्या कॅटआयसारख्या कंपन्यांनी खुंटीच्या जागी चुंबक आणि चक्राच्या जागी इलेक्ट्रॉनिक पडदा आणला. तत्त्व तेच राहिलं, चाकाचे फेरे मोजायचे. चाकाचा परीघ किती मिलिमीटर, ते आपण यंत्राला सांगायचं. सातशे बाय अठ्ठावीस या मापाच्या टायरला कोष्टकात २१३६ असा आकडा असतो. पण कोष्टकावर विसंबू नये, हे जाणते लोक सांगतात. व्हॉल्व्ह बरोबर खाली आणायचा, जमिनीवर खडूने खूण करायची, सायकलवर बसून चाक एक फेरा पुढे न्यायचं आणि शिंप्याच्या टेपने मोजायचं. शिंप्याची टेप आमच्या घरी होतीच. दोन टक्के फरक पडला तरी दोनशे किलोमीटरला चार किलोमीटर इकडचे तिकडे होतात.

माझा हा जुना मीटर पाच-सातशे रुपयांचा. नाण्याएवढ्या सेलवर वर्षभर चालायचा. त्यात एकच दोष होता. सेल बदलला की आजवरची बेरीज पुसली जाऊन शून्य व्हायची. आमच्यातल्या एका औषधवाल्याची चौदा हजार किलोमीटरची जमा अशी एका सकाळी गेली. सेल घड्याळवाल्याने बदलून दिला होता. त्याला काय ठाऊक, तो म्हणाला, ‘साहेब, नवं करून दिलं!’ औषधवाले दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. मी महिन्याच्या शेवटी आकडा डायरीत उतरवून ठेवत असे. बँकवाल्याची खोड, दुसरं काय.

नवं यंत्र घ्यायचं कारण मला ब्रेव्हेमध्ये सापडलं. ब्रेव्हे हा फ्रेंच शब्द. दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटर ठरलेल्या वेळात, कुणाच्या मदतीशिवाय सायकल चालवायची. दोनशेला साडेतेरा तास मिळतात, चारशेला सत्तावीस. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. शिक्क्याची सोय नसेल तिथे एटीएमची पावती पुरावा म्हणून आणायची, ही एक युक्ती. शंभर रुपये काढायचे, पावती जपून ठेवायची. रात्री दोन वाजता हेल्मेट घालून एटीएममध्ये शिरणाऱ्या माणसाकडे रखवालदार कसा बघतो, ते ज्याने पाहिलं त्यालाच कळेल.

या ब्रेव्हेत वाट दाखवायला एक कागद मिळे. ‘६३.४ किलोमीटरवर देवळापाशी डावीकडे’ अशा ओळी. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून हँडलला बांधायचा आणि मीटरवर ६३.४ होण्याची वाट बघायची. आता गंमत अशी, की मध्येच चहासाठी अर्धा किलोमीटर आत गेलात आणि परत आलात, की पुढच्या सगळ्या ओळी एका किलोमीटरने चुकणार. पाऊस आला की शाई फुटणार. अंधारात बॅटरीच्या उजेडात कागद वाचायला थांबणार. चाळिशीनंतर चष्मा काढून वाचणार. जीपीएस यंत्रात हीच वाट रेघ होऊन पडद्यावर येते आणि वळण आलं की यंत्र आधीच पिंकतं. चहाला कितीही आत जा, रेघ जागची हलत नाही. यासाठी तरी यंत्राला माझा सलाम. किंमत तीस हजारांच्या घरात. बायको म्हणाली, ‘इत्ते में तो दुसरी सायकल आती!’ तिचा हिशेब बरोबर होता.

आता हे यंत्र चालतं कसं, ते थोडं सांगायला हवं, कारण त्याबद्दल गैरसमज फार. पुष्कळांना वाटतं, उपग्रह वरून आपल्याकडे बघत असतो. तो बघत नाही. जमिनीपासून सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटरवर फिरणारे हे अमेरिकेचे उपग्रह सतत एवढंच सांगत असतात, की मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. यंत्र प्रत्येक संदेशाला किती उशीर झाला ते पाहून अंतर काढतं. असे किमान चार उपग्रह ऐकू आले की आपली जागा कळते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तर अंतर तीनशे मीटरनी चुकतं. वरच्या घड्याळांवर वेगाचा आणि गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होऊन ती रोज अडतीस मायक्रोसेकंद पुढे जातात, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतावरून निघतं. ती दुरुस्ती केली नसती तर रोज दहा-अकरा किलोमीटरची चूक साचत गेली असती. म्हणजे यवतेश्वराच्या घाटात धापा टाकणाऱ्या कारकुनाच्या हँडलवर आइन्स्टाइन बसलेला असतो.

आणि उपग्रह फक्त बोलतो. ऐकत नाही. आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसतं, आपण आहोत हेही ठाऊक नसतं. कविता लिहिणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं.

पूर्वी नागरी वापरासाठीचा हा संदेश मुद्दाम थोडा बिघडवून पाठवला जाई, त्यामुळे शंभरेक मीटरची चूक सहज व्हायची. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने मे २०००च्या आरंभी हा बिघाड बंद केला गेला. त्यानंतरच सायकलच्या हँडलवर हे यंत्र शोभू लागलं. आता रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रहही नवी यंत्रं ऐकतात. आपलं ‘नाविक’ आहेच.

एवढं सगळं असून आकडे जुळतील ही आशा सोडावी. आम्ही तिघे एकदा साताऱ्याहून कासला गेलो, एकाच रस्त्याने, एकामागे एक. परत आल्यावर एकाचे पन्नास, एकाचे एकोणपन्नास पूर्णांक दोन, एकाचे पन्नास पूर्णांक सहा. कारण सोपं आहे. जीपीएस ठरावीक वेळाने एकेक ठिपका टाकतो आणि ठिपके सरळ रेघेने जोडतो. नागमोडी वळणावर दोन ठिपक्यांमधली रेघ वळणाचा कोपरा खाते. बॅटरी वाचवायला ठिपके लांब लांब टाकायची सोय असते, त्यात तर कोपरे जास्तच जातात. उलट झाडी किंवा कडा जवळ असला की ठिपके इकडेतिकडे उडतात आणि अंतर फुगतं. खंबाटकीच्या बोगद्यात आकाशच नाही, तिथे काय मोजणार? त्यामुळे जाणते सायकलस्वार उपग्रहाचं यंत्र घेऊनही चाकाच्या आसाला फेरे मोजणारा छोटा सेन्सर बांधतात. व्हीडरसाहेब मागच्या दाराने परत आले म्हणा.

उंचीचं तर विचारू नका. चांगल्या यंत्रात उंची हवेच्या दाबावरून काढतात. वर चढलं की दर आठ-नऊ मीटरला दाब एक मिलिबारने उतरतो. दाब समजायला यंत्राच्या पोटाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पावसाळ्यात पसरणीचा घाट चढत होतो. वाईपासून पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटरची सलग चढण. निम्म्यात धो धो सुरू झाला आणि पाण्याचा एक थेंब त्या भोकावर बसला. उंची थिजली. चढाचा आकडा शून्य. यंत्र म्हणतं रस्ता सपाट आहे, मांड्या म्हणतात घाट आहे. मी मांड्यांचं ऐकलं. आणखी एक, हवामान बदललं की दाब बदलतो, म्हणून अंगणात उभी असलेली सायकल रात्रीतून तीस मीटर वर चढलेली दिसते.

नकाशाची कथा वेगळी. यातले बरेचसे नकाशे ‘ओपनस्ट्रीटमॅप’वरून घेतलेले असतात. हा २००४ साली सुरू झालेला, जगभरच्या हौशी माणसांनी फुकट मेहनत करून वाढवलेला नकाशा. मोठ्या मनाचं काम आहे. पण कुणीतरी उत्साहाने बांधालाही रस्ता म्हणून नोंदवून ठेवलेलं असतं. मेढ्याच्या अलीकडे आमच्या यंत्रांनी एकमुखाने उजवीकडे वळायला सांगितलं. वळलो. डांबर संपलं, खडी संपली, मग ऊस. उसात एक मावशी गवत कापत होत्या. त्यांनी आमच्या हँडलांवरच्या चार पडद्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आरं, ह्यो रस्ता आमच्या विहिरीवर जातुया. कुनी सांगितलं तुमास्नी?’ काय सांगणार? वर बोट दाखवलं.

मला जास्त टोचलं ते निराळंच. माझ्या यंत्राला देवनागरी वाचता येत नव्हती. नकाशात कुणी गावाचं नाव मराठीत लिहिलं असेल तर पडद्यावर रिकाम्या चौकटी उमटायच्या. तीन अक्षरांचं गाव असेल तर तीन चौकटी. इतर गावांची नावं इंग्रजी अक्षरांत, तीही अशी की ‘त’ कुठला, ‘ट’ कुठला कळू नये. ज्या भागात मी जन्मलो, तिथून जाताना चौकटी बघत जायचं! शेवटी वाटेतल्या पाट्या मोठ्याने वाचायची सवय मी लावून घेतली. बरोबरचे हसतात. हसू देत.

आता हेडमास्तरांचं सांगतो, कारण यंत्राचा खरा उपयोग मला त्यांच्यामुळे कळला. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, पण अट घातली, की ठोके एकशे पंधराच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. वयावरून दोनशे वीसमधून वजाबाकी करण्याचं जे सूत्र सगळे सांगतात, ते ठोके आवरणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला लागू पडत नाही, म्हणून त्यांचा आकडा त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवून दिला. मास्तरांनी छातीला पट्टा बांधला, तो यंत्राशी जोडला. एकशे पंधरा झाले की यंत्र ओरडणार.

मास्तर हे जन्मभर पुढे चालणारे. घाटात सायकलवरून उतरून चालणं म्हणजे त्यांच्या मते कॉपी करून पास होणं. आम्हाला काळजी हीच होती, की हे उतरणार नाहीत. कुणी सांगायचं? घरच्यांचं ऐकत नव्हते, आमचं कुठून ऐकणार? यवतेश्वराच्या दुसऱ्याच वळणावर यंत्र ओरडलं. मास्तर थांबले, उतरले, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, ‘साहेबांचा हुकूम आला.’ मग सायकल हातात धरून चालू लागले. ठोके शंभरावर आले की पुन्हा बसले. त्या दिवशी ते एकूण सात वेळा उतरले आणि कासपर्यंत आले. माणसाचं ऐकण्यात जो कमीपणा वाटतो, तो यंत्राचं ऐकण्यात वाटत नाही. हे चांगलं की वाईट, याच्यात मी पडत नाही. मास्तर दर रविवारी येतात, आणि आता त्यांच्या बरोबर आणखी एक-दोघं निर्धास्त उतरून चालतात.

उलट बाजूही आहे. काही रस्त्यांच्या तुकड्यांवर कुणाची वेळ सर्वांत कमी, याची यादी स्ट्राव्हासारख्या ॲपवर लागते. आमचा अठ्ठावीस वर्षांचा गडी यवतेश्वराच्या तुकड्यासाठी झुरू लागला. पूर्वी वर पोचलं की चहा आणि दरीकडे तोंड. आता वर पोचलं की प्रत्येकाचं तोंड पडद्याकडे. दोन महिने असे गेले. मग चहावाल्यानेच एकदा विचारलं, ‘भांडण झालंय का तुमच्यात?’ तेव्हापासून चहा होईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, असा नियम आहे. तो पाळला जातो, असं मात्र मी आकाशवाणीवरून सांगणार नाही.

यंत्र फोनला जोडलं की घरच्यांना आपण कुठे आहोत ते नकाशावर ठिपका होऊन दिसतं. माझ्या लहानपणी अब्बांना उशीर झाला की अम्मी दाराच्या चौकटीत उभी राहायची, दिवा हातात. उशीर म्हणजे किती, याला मर्यादा नव्हती. येतील तेव्हा येतील. बायकोला ठिपका मिळाला तेव्हा मला वाटलं, ही वाट बघणं संपलं. पहिल्याच वेळी केळघर घाटात फोनची रेंज गेली. उपग्रह ऐकू येत होते, यंत्र चालू होतं, पण ठिपका घरी पोचवायचं काम फोनच्या मनोऱ्याचं, आणि मनोरा नव्हता. पन्नास मिनिटं ठिपका दरीच्या काठावर एका वळणावर थांबून राहिला. वरती पोचून फोन लागला तेव्हा ती काही बोललीच नाही. फक्त ‘हं’ म्हणाली. अम्मीला दार तरी दिसत होतं. हिला दरी दिसत होती. आता आमचं ठरलं आहे. घाटात ठिपका थांबला तर दीड तास काळजी करायची नाही. दीड तासानंतर करायची.

पडल्याची वर्दी देणारी सोय तर आणखी नाजूक. म्हैस आडवी आली म्हणून मास्तरांनी करकचून ब्रेक दाबला. यंत्राला वाटलं, पडले. ते अर्धं मिनिट पिंकत राहिलं, पण मास्तर म्हशीच्या मालकाशी बोलण्यात गुंतलेले. पुण्यात त्यांच्या मुलीच्या फोनवर संदेश गेला, वडिलांचा अपघात झाला. ती रडतच बोलली. स्टेंटवाल्या बापाची मुलगी ती, तिला कोण हसणार? तरीही तिने सोय बंद करू दिली नाही. म्हणाली, ‘बाबा, दहा वेळा खोटं आलं तरी चालेल.’

रमजानमध्ये मला यंत्राचा एक छोटा फायदा झाला. त्यात त्या जागेची सूर्यास्ताची वेळ दिसते. खजुराची पुडी खिशात असतेच.

जपायची गोष्ट एकच, ती म्हणजे आपण रोज कुठून निघतो आणि कधी परततो, हे सगळ्या गावाला सांगत सुटू नये. स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०१७मध्ये जगभरच्या वापरणाऱ्यांच्या वाटांचा एक झगमगता नकाशा काढला. जानेवारी २०१८मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की सीरिया-अफगाणिस्तानच्या काळोखात उजळलेल्या रेघा या लष्करी तळांवर व्यायाम करणाऱ्या सैनिकांच्या आहेत. सैन्याची ही गत, तर लाखाची सायकल दारात लावणाऱ्या आपली काय? सुरुवातीचे आणि शेवटचे काहीशे मीटर लपवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी वापरावी. आणि जुलै २०२०मध्ये गार्मिन कंपनीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला, तेव्हा काही दिवस तिच्या सेवा बंद होत्या. यंत्रं रस्त्यावर चालत होती, नोंद यंत्रातच राहत होती, ती पुढे पाठवता येत नव्हती, एवढंच. पण पुष्कळांना आपण सायकल चालवलीच नाही असं वाटत होतं म्हणे. माझी डायरी अजून चालू आहे.

जुना मीटर मी भाच्याच्या शाळेच्या सायकलला बसवून दिला. खडूची खूण, शिंप्याची टेप, सगळं त्यानेच केलं. पडदा दोन-तीनदा दाबून त्याने विचारलं, ‘मामू, यात मी कुठं आहे ते दिसत नाही?’ म्हटलं, नाही, किती गेलास तेवढंच दिसतं. तो जरा हिरमुसला. संध्याकाळी बहिणीचा फोन, पोरगं अजून घरात आलं नाही. गल्लीत बघितलं तर नऊ किलोमीटर आठशे मीटर झाले होते, दहा व्हायचे म्हणून पेठेला चक्कर मारत होता.